फोनचं दहावं

"मिशीपण काढायची?" तम्मानं विचारलं.

वस्तरा माझ्या नाकाखाली येऊन थांबला होता. डोकं झालं होतं. कुरुंदवाडच्या भर बाजारपेठेत, जिनेंद्र मगदूमच्या मोबाईलच्या दुकानासमोर मी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलो होतो आणि माझे केस वाऱ्यानं गटारीकडं निघाले होते. शेजारी रस्त्यावर तिरडी. तिरडीवर पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेलं फोनचं रिकामं खोकं. त्यावर हार, गुलाल, बुक्का. हलगीवाला पानाच्या टपरीवर गेला होता, तो येईपर्यंत आमचं दुःख थांबलं होतं.

"काढ," मी म्हणालो. "अर्धवट आंदोलन मला चालत नाही."

"इचार कर श्रीपा," मागून इस्माईल बागवान म्हणाला. इस्माईल माझा यंत्रमागावरचा जुना सोबती. युनियन बुडाल्यावर फळांचा गाडा लावून बसलेला. "केस येतील. पण मिशीबिगर तू कसा दिसतोस ते आजवर कुणी बघितलेलं न्हाई. वहिनींनी दारात वळखलं न्हाई तर रात्री झोपणार कुटं?"

"काढ म्हणतो न्हवं!"

तम्मानं काढली.

माझा बाप गेला तेव्हा मी केस दिले नव्हते. तेव्हा मी पुरोगामी होतो. भावकी पाया पडली, आई रडली, मी हललो नाही. उलट घाटावरच कर्मकांडावर भाषण ठोकलं. ज्यानं मला जन्म दिला त्याच्यासाठी जे केलं नाही, ते मी बायकोच्या फोनसाठी केलं. तेही फोन घरात कपाटात सुखरूप असताना. कारण कलानं सकाळीच बजावलं होतं, "काय जाळायचं ते जाळा, पण फोनला हात लावायचा न्हाई. त्यात माझे नंबर हाईत." त्यामुळं मयत म्हणून खोकं.

मी इचलकरंजीत यंत्रमागावर आयुष्य काढलं. शाळा सातवीत सुटली. लिहायला शिकलो ते युनियनची पत्रकं लिहून, त्यामुळं अजून माझ्या लिहिण्यात दर तिसऱ्या ओळीला निषेध येतो, तो सांभाळून घ्या. मग कारखाना बंद पडला. युनियनचे अर्धे लोक दुसऱ्या गावाला गेले, उरलेले गप्प झाले. मी घरी आलो. घरात माझी बायको कलावती शेवया करत होती. खपली गव्हाच्या, केसासारख्या बारीक. शेवयांच्या कमाईतून तिनं एक स्मार्टफोन घेतला, त्यावर गिऱ्हाईक बायकांचा ग्रुप काढला, आणि हेरवाड, शिरढोण, तेरवाडपर्यंत तिच्या शेवया लग्नाच्या रुखवतात मांडल्या जाऊ लागल्या. हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं असणार. मला दिसलं नव्हतं.

एका सकाळी ती फोन घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. "अहो, हे काय आलंय बघा की."

पडद्यावर लिहिलं होतं, की या फोनवर मेसेजचं ॲप यापुढे चालणार नाही. खाली एकच बटण, ‘ठीक आहे’.

"ठीक नाही म्हणायचं बटण कुठं आहे?" मी विचारलं.

"न्हाईच की."

तिथं माझी नस तडकली. आम्ही दोघं तडक जिनेंद्रकडं गेलो. जिनेंद्र गुणी पोरगा. त्याचा बाप माझ्या ओळखीचा, फोनही त्यानंच विकलेला.

"काका, कंपनीनं ह्या मॉडेलचा सपोर्ट बंद केलाय," तो म्हणाला. "नवीन अपडेट येणार न्हाई. आणि अपडेट न्हाई म्हणून ॲप चालणार न्हाई."

"मग दुरुस्त कर."

"बिघडलेलंच न्हाई, तर दुरुस्त काय करू?"

"बिघडलेलं न्हाई, तर चालंना का?"

"कंपनीनं बंद केलंय म्हणून."

"कंपनीला अधिकार कुणी दिला?"

"काकींनीच. पहिल्या दिवशी ‘सहमत’ दाबलं असणार की."

"दाबलं," कला म्हणाली. "त्याबिगर पुढं जातच नव्हतं."

मी ज्या मागावर काम केलं तो माग माझ्या बापाच्या वयाचा होता. त्याचा धोटा बदलला, पट्टे बदलले, चाकं बदलली, आणि तो अजून कुठंतरी भिवंडीत कापड काढत असेल. आणि हा फोन! काच शाबूत, बॅटरी दणकट, आवाज खणखणीत. हा मेला नव्हता, मारला होता. आणि मारणारा कुठंतरी गार खोलीत बसून पुढचा कधी मारायचा ते ठरवत होता. हे मी आजही लिहितो आणि आजही मला कुणी खोटं पाडलेलं नाही.

कलाचं म्हणणं साधं होतं. "नवीन घेते. लगीनसराई तोंडावर आलीया."

"एक पैसा द्यायचा नाही त्या चोरांना!"

"पैसा माझा हाय."

"तत्त्व माझं आहे."

"तत्त्वाच्या शेवया होत न्हाईत," ती म्हणाली. पण का कोण जाणे, त्यापुढं ती बोलली नाही. फोन बंद करून कपाटात ठेवला आणि पीठ चाळायला बसली. मी समजलो, माझा मुद्दा पटला. मुद्दा पटला असं मी आयुष्यभर फार लवकर समजत आलो.

आता मोर्चा काढायचा, पण न्यायचा कुणावर? मागाच्या मालकाला बंगला होता, फाटक होतं, फाटकाला कुत्रं होतं. मालक दिसला की घोषणा आपोआप सुचते. हितं मालकच नव्हता. कंपनीच्या नंबरावर एक बाई बोलायची, तीही मशीन. तिला मी तासभर सुनावलं, शेवटी ती म्हणाली, आपला संवाद आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मग ठरवलं, प्रतीकात्मक अंत्ययात्रा काढायची आणि ती जिनेंद्रच्या दुकानावर न्यायची.

"माझ्या दुकानावर का ओ काका?"

"तू कंपनीचा प्रतिनिधी."

"मी? मला कंपनी कॅलेंडरसुद्धा देत न्हाई!"

तरी त्यानं खुर्ची दिली, चहा सांगितला, आणि आमची माणसं कमी पडतायत हे बघून शटर अर्धं ओढून तिरडीला खांदाही दिला. ज्याच्याविरुद्ध मोर्चा, तोच खांदेकरी. असा मोर्चा मी पहिल्यांदाच काढत होतो.

मग हलगी आली. "अपडेट आमच्या हक्काचं!" अशी घोषणा देत आम्ही घाटावर गेलो. पुढं मी, भादरलेला, उघडाबंब, हातात धुराचं मडकं. घाटावर मडकं फोडलं, तिरडी आणि खोकं पेटवलं. बघ्यांपैकी कुणीतरी फोटो काढले. मला बरं वाटलं. किती वर्षांनी कुणीतरी माझा फोटो काढत होतं.

घरी आलो. कलानं माझ्याकडं बघितलं, तोंडाला पदर लावला आणि आत गेली. मला वाटलं रडतेय. हसत होती.

दोन-तीन दिवस झाले असतील. दुपारी कडी वाजली. कलानं दार उघडलं. दारात हेरवाडच्या मालूताई. हे तिचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्यांच्या थोरल्या मुलीचं लग्न ठरलेलं, रुखवताच्या सगळ्या शेवया, कुरडया, पापड कलाकडं सांगितलेले. मालूताईंच्या डोक्यावर पदर, डोळे लाल, हातात फडक्यानं झाकलेली बुट्टी. मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून नेतात तसा कडू घास.

त्यांनी कलाला बघितलं आणि बुट्टी हातातनं सुटली. भाकरी उंबऱ्यावर, पिठलं पायरीवर.

"अगं बाई बाई बाई!" त्या भिंतीला टेकल्या. "तू हाईस?"

"मग कुटं जाईन?"

"अगं, तू गेलीस न्हवं?"

कलानं त्यांना धरून आत आणलं, पाणी दिलं. पाणी पिताना त्या अधूनमधून कलाच्या पायांकडं बघून घेत होत्या. मग त्यांनी आपला फोन काढून दाखवला. कलाचाच ग्रुप. त्यावर माझा फोटो. भादरलेलं डोकं, हातात मडकं, तोंडावर नेत्याचं दुःख. खाली एकीनं विचारलं होतं, ‘हे कलाताईंचे मिस्टर ना? काय झालं?’ दुसरीनं, ‘ताईंचा बरेच दिवस मेसेज नाही.’ तिसरीनं, ‘माझ्या मेसेजलाही उत्तर नाही.’ आणि मग सुरू. जोडलेले हात. भावपूर्ण श्रद्धांजली. ‘स्वभाव फार गोड.’ ‘शेवया कधी चिकट झाल्या नाहीत.’ ‘फार वाईट झालं. माझी ऑर्डर आता कोण देणार?’

बाईनं मेसेज पाठवणं थांबवलं म्हणजे बाई मेली, हा हिशोब मला तेव्हा अडाणीपणाचा वाटला होता. आता नाही वाटत. कंपनीचाही हिशोब तोच असतो.

कला सगळं सावकाश वाचत होती. तिचे ओठ हलत होते.

"शिरढोणच्या शोभानं पण लिवलंय," ती म्हणाली. "ती तर भांडली होती माझ्यासंगट."

"मेल्यावर कोण भांडतंय?" मी आतून म्हणालो आणि बाहेर आलो.

मालूताई दचकल्या. मिशी नसल्यामुळं असेल. "मग गेलं कोण?" त्यांनी मला विचारलं.

"फोन."

"कुणाचा फोन?"

"फोन गेला, मालूताई. हिचा मोबाईल. प्रतीकात्मक अंत्ययात्रा होती. कंपनीच्या निषेधार्थ."

त्यांनी माझ्या भादरलेल्या डोक्याकडं बघितलं. मग कलाकडं वळून दबक्या आवाजात म्हणाल्या, "डॉक्टरला दावलं का?"

मग त्यांनी स्वतःच्याच फोनवर बोलून ग्रुपला सांगितलं, की कलाताई जिवंत आहेत, मी समोर बसून चहा पितेय. ग्रुपवर आनंद झाला. नाचणाऱ्या बाहुल्या आल्या. आणि त्यापाठोपाठ तोच प्रश्न आला. मग गेलं कोण? मालूताईंनी खरं ते सांगितलं. मग मालूताईंच्याच घरातून, त्यांच्या सासूबाईंनी नातसुनेकडून लिहवून घेतलेला मेसेज आला. सुतकाच्या घरचं रुखवतात मांडायचं का?

"सुतक?" मी ओरडलो. "खोक्याचं सुतक?"

"सासूबाईंचं म्हणणं असं," मालूताई अवघडून म्हणाल्या, "तिरडी तुमच्या दारातनं निघाली का न्हाई?"

"निघाली. पण प्रतीकात्मक—"

"मडकं फोडलासा का न्हाई?"

"फोडलं, पण—"

"केस दिलासा?"

मी डोक्यावरून हात फिरवला. मग मी अंधश्रद्धेवर बोलायला लागलो. माझं ते भाषण चांगलं होतं, जुनं होतं, पाठ होतं. मालूताईंनी निम्मं ऐकून घेतलं.

"समदं पटलं भाऊजी," त्या म्हणाल्या. "मग केस कशापायी दिलासा?"

आयुष्यात मालकांनी, पोलिसांनी, लेबर ऑफिसरनं मला कितीतरी प्रश्न विचारले. एवढा अवघड कुणी विचारला नव्हता.

"माझं काय न्हाई," त्या कलाचा हात धरून म्हणाल्या. "पण पोरीचं लगीन हाय. उद्या तिला काय बरंवाईट झालं तर मला आयुष्यभर ऐकून घ्यावं लागंल. तुमी असं करा, दहावं उरकून टाका. मी येते घाटावर. माझ्या डोळ्यांनी कावळा शिवलेला बघितला की सासूबाईंस्नी सांगते, फिटलं. न्हाई शिवला तर... मला दुसरीकडं सांगावं लागंल बाई. बाकीच्यापण माझ्याकडंच बघत बसल्यात."

त्या गेल्या. कला पायरीवरचं पिठलं पुसायला लागली. मी म्हणालो, "कला, मी आयुष्यभर ज्याच्याविरुद्ध—"

"आयुष्यभराचं ठेवा बाजूला." तिनं वर बघितलं नाही. "गच्चीवर शेवया वाळतायत. कोण न्यायला आलं न्हाई, तर तत्त्वाला लावून खावा."

दहाव्याला भटजी मिळाला नाही. एकजण आधी हो म्हणाला होता. मयताचं गोत्र विचारलं. इस्माईल म्हणाला, "लिवा चायना." भटजीनं फोन ठेवून दिला.

सकाळी घाटावर आम्ही पोचलो तेव्हा निम्मं गाव आधीच आलेलं. माझ्या मोर्चाला जेवढे आले नव्हते, त्याच्या तिप्पट कावळ्याला आले होते. युनियनचे पाच-सहा जण, जिनेंद्र, तम्मा, इस्माईल. पायऱ्यांच्या कडेला मालूताई, सोबत आणखी दोन गिऱ्हाईक बायका. कलानं भाताचा पिंड केला होता, त्यावर दही. पळसाच्या पानावर ठेवला. मग कनवटीतनं फोन काढला आणि पिंडाशेजारी ठेवला.

"ह्यो खरा हितं, मग त्या दिवशी जाळलं काय?" कुणीतरी विचारलं.

"बारदान," इस्माईल म्हणाला.

आम्ही मागं सरलो. एरवी त्या घाटावर कावळ्यांचा बाजार असतो. हातातला वडा नेतात. त्या दिवशी समोरच्या उंबरावर एकच बसलेला. मानेला करडा पट्टा, म्हाताऱ्या मुकादमासारखी नजर. पिंडाकडं बघायचा, फोनकडं बघायचा आणि जागचा हलायचा नाही.

"इच्छा राहिलीया," एक म्हातारा म्हणाला.

"कसली?"

"अपडेटची," जिनेंद्र म्हणाला, आणि सगळा घाट हसला. मालूताईसुद्धा. कला हसली नाही. ती कावळ्याकडं बघत होती.

माणूस गेला की घरच्यांनी पुढं होऊन शब्द द्यायचा असतो. पोरीचं लग्न करतो, भावाला सांभाळतो. ज्याचा जीव ज्यात अडकला असेल ते बोललं की कावळा शिवतो. मी पुढं झालो. घसा साफ केला.

"लढा चालू ठेवतो!" मी म्हणालो.

कावळ्यानं पाठ फिरवली. सभेतून लोक उठून गेलेले मी बघितलेत, पण निदान ते वाकून जायचे.

"कंपनीला कोर्टात खेचतो!"

त्यानं पंखाखाली चोच घालून खाजवलं.

"उतारवयात एवढं आश्वासन देऊ नगंस श्रीपा," इस्माईल म्हणाला. "त्यालाबी ठाऊक हाय." मग तो स्वतः पुढं आला आणि म्हणाला, "बाबा, तुझ्या नावानं गरिबाला आंबं वाटतो." कावळा नाही. जिनेंद्रनं म्हटलं, कंपनीला मेल लिहितो. कावळा नाही. तम्मानं श्रीपतकाकांची मिशी परत येईपर्यंत दाढी फुकट करतो म्हणून सांगितलं, ते मला पटलं होतं. कावळ्याला नाही.

ऊन चढलं. पिंडावरचं दही सुटायला लागलं. गर्दीतले लोक घड्याळं बघायला लागले. मालूताई कलापाशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "मी निघू का गं? हळद दळायची राहिलीया." कला म्हणाली, "थोडं थांबा ताई." एवढंच. पण तो आवाज मी तिच्या तोंडून पूर्वी कधी ऐकला नव्हता. तसा आवाज मी मालकाच्या केबिनबाहेर ऐकलेला होता. आत घेतील का न घेतील ते माहीत नसलेल्या माणसाचा.

मी फोनसमोर गेलो.

"नवीन घेऊन देतो," मी म्हणालो.

"ऐकू आलं न्हाई," मागून आवाज आला.

"नवीन फोन घेऊन देतो!" मी घोषणेसारखं ओरडलो. नदीपलीकडून आवाज परत आला. कावळा एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर गेला. लांबच्या.

"सरका जरा," कला म्हणाली.

तिनं मला दंडाला धरून बाजूला केलं आणि फोनपुढं उकिडवी बसली. पदरानं त्याची काच पुसली. लोक अजून हसत होते.

"घेऊन देतो म्हणं," ती फोनला म्हणाली. "हे कोण देणार? तुला मी घेतलं होतं. दुसराबी मीच घेणार." मग काच परत एकदा पुसली. "लेकरा, आज तुझा दिवस हाय म्हणून खरं सांगते. तू बंद पडलास, त्याच दिवशी मी दुसरा आणला असता. ह्यांना इचारायची काय गरज नव्हती. पण कारखाना बंद पडल्यापासनं हा माणूस भिंतीकडं तोंड करून पडलेला असायचा. जेव म्हटलं की जेवायचा, ऊठ म्हटलं की उठायचा. तुझ्यावर ते मेसेज आलं आणि हे ताडकन उठलं. माझ्याकडं पेन मागितलं. पत्रक लिवलं, मला वाचून दावलं. रात्री भाजी दुसऱ्यांदा मागून घेतली. मी म्हटलं, जाऊ दे. होऊ दे माझं जरा नुकसान. शेवया काय, परत करता येतात."

घाटावर आता कुणी हसत नव्हतं.

"पण आता बास. लई झालं. तुझ्यामुळं मला चार गावांत लोक नावानं वळखायला लागले, ते मी विसरणार न्हाई. तुझं काम दुसऱ्याला देते. आणि हे परत भिंतीकडं वळलं, तर मी उठवीन. तू जा निवांत."

मी टॉवेलनं डोकं पुसायला लागलो. डोकं कोरडंच होतं.

तेवढ्यात डोक्यावरून काहीतरी काळं गेलं. कावळा सरळ खाली आला, पिंड ओलांडून फोनशेजारी उतरला, मान तिरकी करून काचेत स्वतःला बघितलं आणि टणकन चोच मारली. एकदा, परत एकदा. मग उडून गेला. भाताचं शीतही हललं नव्हतं.

"शिवला!" अर्धे ओरडले.

"कुटं शिवला? पिंडाला तोंडच लावलं न्हाई!" बाकीचे अर्धे.

भांडण लागलं. म्हातारा म्हणाला, काचेचं धरत नाहीत. जिनेंद्र म्हणाला, टचस्क्रीन आहे, टच झाला. इस्माईलनं त्याला गप्प केलं. शेवटी सगळे मालूताईंकडं बघायला लागले. कलापण. मालूताई दोन पायऱ्या खाली उतरल्या, फोनवर वाकून चोचीचा ओरखडा नीट बघितला.

"मयत कोण हाय?" त्यांनी विचारलं.

"फोन," मी म्हणालो.

"मग मयतालाच शिवला की. भाताला कशाला शिवंल?" आणि पदर खोचत कलाला म्हणाल्या, "शेवया जरा जास्तीच्या कर गं. पाव्हणं वाढल्यात."

कला तिथंच पायरीवर बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. ह्यावेळी ती हसत नव्हती.

त्याच दिवशी ती जिनेंद्रच्या दुकानात गेली. मी मागून. जिनेंद्रनं तीन-चार फोन काढून काचेवर मांडले, कॅमेरा सांगितला, मेमरी सांगितली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ह्यातला कुठला कधी मरणार?"

"काकी, असं इचारतात व्हय?"

"गाईचं दात बघून घेतात. ह्याचं काय बघायचं, ते सांग."

जिनेंद्र गडबडला. मग त्यानं कंपन्यांची पानं उघडली, एक-दोन ठिकाणी फोन लावला. दोन फोनचं त्याला कुठंच सापडलं नाही, ते तिनं हातानं बाजूला सारले. एकाचं सापडलं. "एवढी वर्षं तरी चालंल म्हणतात," तो म्हणाला.

"बिलावर लिव."

"काकी, तसं कोण लिवत न्हाई."

"तू लिव."

त्यानं लिहिलं. मी इतकी पत्रकं काढली, घोषणा दिल्या, डोकं भादरलं. पण सरळ विकणाऱ्याच्या हातातच पेन द्यायचं मला सुचलं नव्हतं. माझा त्या कंपन्यांवरचा राग आजही तसाच आहे. चोर ते चोरच. पण त्या दिवशी दुकानातून बाहेर पडताना मी घोषणा दिली नाही. पिशवी धरली.

मालूताईंच्या मुलीच्या लग्नात शेवया, कुरडया, पापड मीच पोचवले, स्कूटरवर, दोन खेपा करून. डोक्यावर तेव्हा खुंट आले होते, मिशी अजून ठिपक्यांत होती. मांडवात रुखवताचं टेबल लावलेलं. बायकांनी शेवयांची परडी मधोमध ठेवली आणि त्यावर एक कागद टाचला. सौ. कलावती भोरे, कुरुंदवाड, आणि खाली फोन नंबर. टेबलाभोवती गर्दी झाली. मी कोपऱ्यात उभा राहून कुणी परडीला धक्का लावत नाही ना, ते बघत होतो.

एक फेटेवाले गृहस्थ माझ्याजवळ आले. मला वरून खालपर्यंत बघितलं, सरबताचा ग्लास पुढं केला आणि अदबीनं विचारलं, "पाव्हणं, आपण मुलीकडचे का मुलाकडचे?"

"मी शेवयांकडचा," मी म्हणालो.